वॅन आणि रिमोट अ‍ॅक्सेस शिकवण्याची लॅब: बारा दिवसांच्या नोंदी

शिकणारे आठ जण, चार जोड्या. ऑफिसातलं लॅन, म्हणजे इमारतीतलं जाळं, सगळ्यांना येतं: व्हीएलॅन (एकाच स्विचवर वेगळी जाळी), डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं), स्विच, थोडंफार फायरवॉल. अडतं ते दोन इमारतींच्या मधल्या जाळ्यापाशी, म्हणजे वॅनपाशी, कारण ते आपल्या ताब्यात नसतं. त्यामुळे लॅबमध्ये आधी मधला भाग, म्हणजे कॅरिअर (लाइन देणारी कंपनी), उभा केला आणि साइट, म्हणजे ऑफिस आणि शाखा, नंतर. ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी. काय बिघडलं आणि किती वेळ गेला, हे मुद्दाम सविस्तर लिहिलं आहे.

सामान: ३२ जीबी मेमरीचं एक मशीन, त्यावर २० व्हर्च्युअल मशिनं, प्रत्येकाला ५१२ एमबी. म्हणजे साधारण १० जीबी लागली आणि बाकी मेमरी पडूनच राहिली. प्रत्येक जोडीला मुख्य ऑफिसचा राउटर, शाखेचा राउटर आणि दोन्हीकडे एकेक क्लायंट. कॅरिअरची तीन मशिनं, आणि एकावर डीएनएस, रेडियस (लॉगिन तपासणारा सर्व्हर), प्रमाणपत्रं आणि घड्याळ. सगळीकडे लिनक्स, राउटिंगला एफआरआर, आयपीसेकला (सांकेतिक टनेलला) स्ट्राँगस्वान. शिवाय सिरियल पोर्ट असलेले जुने चार राउटर.

शनिवार, तयारी

एक मशीन नीट बसवून त्याच्या १९ प्रती काढल्या. सुरू केल्यावर डीएचसीपीने बऱ्याच मशिनांना एकच पत्ता दिला. मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाचे) वेगळे होते, त्यामुळे शंका भलतीकडेच गेली आणि तीन तास गेले. कारण असं की सिस्टमडीचा डीएचसीपी क्लायंट आपली ओळख मॅकवरून नाही, तर मशीन-आयडीच्या फाइलवरून सांगतो, आणि ती फाइल प्रतीसोबत जशीच्या तशी आली होती. मूळ मशिनावर ती रिकामी केली, एसएसएचच्या होस्ट की काढल्या आणि पुन्हा प्रती केल्या.

दुसरी चूक जास्त महाग पडली असती. सगळ्या वॅन लिंका एकाच व्हर्च्युअल ब्रिजवर टाकल्या होत्या. पत्ते वेगळे असल्याने वरून सगळं ठीक दिसत होतं, पण टीसीपीडंप (पॅकेटं पाहायचं साधन) लावला तर एका जोडीचे एआरपी (कोणता पत्ता कुणाचा, हे विचारणारे संदेश) दुसऱ्या जोडीला दिसत होते. असं ठेवलं असतं तर पुढे चुकीचं कॉन्फिगही ‘चाललं’ असतं. आता प्रत्येक लिंकला स्वतंत्र ब्रिज आहे आणि त्यावर /३०, म्हणजे दोनच टोकांचे पत्ते मावतील एवढा सबनेट.

कॅरिअरच्या बाजूला १९८.५१.१००.०/२४ आणि २०३.०.११३.०/२४ वापरले. हे उदाहरणांसाठी राखून ठेवलेले पत्ते आहेत, त्यामुळे चुकून बाहेर गळले तरी कुणाचं नुकसान नाही. कॅरिअरवर पहिला नियम असा टाकला की ज्याच्या डेस्टिनेशनला खासगी पत्ता आहे ते पॅकेट तिथेच टाकून द्यायचं. हा एक नियम पुढे चार वेळा कामाला आला.

सोमवार, दिवस १: कन्सोल आणि सिरियल

जुन्या राउटरवर सुरुवात. कन्सोलचं सेटिंग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. एका जोडीला स्क्रीनवर मजकूर दिसत होता, पण टाइप केलेलं काहीच जात नव्हतं. केबल बदलली, यूएसबी पोर्ट बदलला, ४० मिनिटं गेली. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिला होता. वाचता येतं पण लिहिता येत नाही, असं असेल तर आधी तिथे बघायचं.

दोन राउटर पाठीला पाठ लावून सिरियल केबलने जोडले. इंटरफेस अप, लाइन प्रोटोकॉल डाउन. एका टोकाने घड्याळ द्यावं लागतं, आणि ते टोक कोणतं हे राउटरच्या नावावरून नाही, केबलवरून ठरतं. ‘शो कंट्रोलर्स’मध्ये ज्या बाजूला डीसीई (घड्याळ देणारं टोक) दिसलं तिथे क्लॉक रेट ६४००० दिला आणि लिंक वर आली.

मग पीपीपी (सिरियल लाइनवरचा प्रोटोकॉल) आणि चॅप (त्यातली पासवर्ड तपासणी). दोन जोड्या अडकल्या. समोरच्या राउटरचं होस्टनेम हेच आपल्याकडचं युजरनेम असावं लागतं, आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच. एकीने स्वतःचंच नाव टाकलं होतं, दुसरीने नावातलं मोठं अक्षर लहान केलं होतं.

सिरियल लाइन आता फार कुणाला भेटणार नाही, त्यामुळे अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वेळ देऊ नये. पण ‘अप/डाउन’ आणि ‘अप/अप’ यांतला फरक इथे जितका उघडा दिसतो तितका इथरनेटवर दिसत नाही.

मंगळवार, दिवस २: लिंक मुद्दाम खराब करणे

कॅरिअरच्या मशिनावर नेटेम (लिंक मुद्दाम खराब करणारं लिनक्सचं साधन) लावून प्रत्येक दिशेला ४० मिलिसेकंद उशीर घातला. म्हणजे जाऊन-येऊन ८०. पिंगमध्ये एका जोडीला १६० दिसले. नेटेम फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटांवर लागतो हे ऐकून त्यांनी ‘आपल्याही बाजूला हवा’ म्हणून साइटच्या राउटरवरही लावला होता. नियम ठरवला: नेटेम कॅरिअरवरच, साइटला हात लावायचा नाही.

खरा गोंधळ वेगाचा झाला. आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या साधनाने मोजलं तर गिगाबिटची लिंक ३०० एमबीपीएसच्या वर जाईना. नेटेमच्या रांगेत मुळात १००० पॅकेटांचीच जागा असते, आणि उशिरात अडकलेली पॅकेटंही त्यातच मोजली जातात. ४० मिलिसेकंदांत १००० पॅकेटं, प्रत्येकी १५०० बाइट: हिशोब बरोबर ३०० एमबीपीएसवर येतो. मर्यादा १०००० केली.

मग त्याच लिंकला १० एमबीपीएसचा वेग बांधला आणि उलटंच झालं. एक मोठी फाइल सुरू होताच पिंग सेकंदाच्या वर गेला. १० एमबीपीएसवर १००० पॅकेटंसुद्धा १.२ सेकंदांची रांग होते, १०००० तर बोलायलाच नको. मर्यादा १०० केल्यावर लिंक भरलेली असतानाही पिंग १६०च्या आसपास राहिला. म्हणजे वेग बदलला की मर्यादाही बदलायची. आता हे दोन्ही एकाच स्क्रिप्टमध्ये आहेत.

आणखी एक: टीसीपीडंपमध्ये २०-३० हजार बाइटांची पॅकेटं दिसत होती. ती नेटवर्क कार्डाच्या ऑफलोडमुळे एकत्र बांधलेली असतात. कॅरिअरच्या सगळ्या इंटरफेसवर टीएसओ, जीएसओ, जीआरओ हे ऑफलोड बंद केले. हे न केल्यास नेटेमची पॅकेटांची मोजणीही खोटी ठरते, आणि एमटीयूच्या (लिंकवर मावणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटाच्या) दिवशी आकडे जुळत नाहीत.

शेवटी फळ्यावर एकच गणित: टीसीपीची विंडो (पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा) ६५५३५ बाइटांवर अडकली आणि जाऊन-येऊन ८० मिलिसेकंद लागले, तर वेग साडेसहा एमबीपीएसच्या वर जाणार नाही, लिंक कितीही मोठी घ्या. ‘लाइन वाढवून घेतली तरी कॉपी हळूच’ या तक्रारीमागे बरेचदा हेच निघतं.

बुधवार, दिवस ३: स्टॅटिक रूट

लवकर आटोपलं. आठपैकी पाच जणांनी जायचा रूट टाकला, यायचा नाही. ‘पिंग जात नाही’ हे वाक्य आजपासून बंद: पॅकेट जात नाही की उत्तर येत नाही, ते समोरच्या टोकावर टीसीपीडंप लावून आधी बघायचं आणि मग बोलायचं. दोन ठिकाणी आयपी फॉरवर्डिंग चालू करायचंच राहिलं होतं. एका ठिकाणी ते चालू केलं होतं, पण रीस्टार्टनंतर टिकेल असं लिहिलं नव्हतं.

गुरुवार, दिवस ४: जीआरई आणि त्यावर ओएसपीएफ

जीआरई टनेल (एका पॅकेटात दुसरं पॅकेट घालून नेणारी वाट) दहा मिनिटांत उभे राहिले. त्यावर ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रूट सांगण्याचा प्रोटोकॉल) चढवल्यावर तीन जोड्यांचं ठीक, चौथीचा शेजारी (समोरचा राउटर) वर येई, थोडा वेळ टिके, पडे, पुन्हा वर येई. टनेल मात्र ‘अप’ दिसत होता. कर्नलच्या लॉगमध्ये ‘डेड लूप ऑन व्हर्च्युअल डिव्हाइस’ आणि पुढे चक्क ‘फिक्स इट अर्जंटली’ असं आलं होतं. कर्नल इतकं काकुळतीला क्वचितच येतं, तरी लॉग उघडायला सव्वा तास लागला.

त्या जोडीने ‘रीडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड’ (जोडलेली सगळी जाळी जाहीर कर) दिलं होतं. त्यामुळे शाखेने आपली वॅनची /३० सुद्धा टनेलमधून जाहीर केली. मुख्य ऑफिसकडे शाखेच्या वॅन पत्त्यासाठी आधी फक्त डीफॉल्ट रूट होता; आता जास्त नेमका /३० मिळाला, आणि तो टनेलच्या आतून. म्हणजे टनेलचं दुसरं टोक टनेलमधूनच गाठायचं. पॅकेट स्वतःभोवती फिरलं, शेजाऱ्यांमधले हॅलो संदेश थांबले, ४० सेकंदांच्या डेड टायमरनंतर शेजारी पडला, तो रूट गेला, डीफॉल्ट परत आला, टनेल सुधारला, शेजारी वर, पुन्हा तेच. चढ-उताराची लय जवळपास घड्याळासारखी असेल तर आधी हाच संशय घ्यावा.

दोन उपाय केले आणि दोन्ही ठेवले. ओएसपीएफमध्ये फक्त लॅन आणि टनेलचे सबनेट नाव घेऊन टाकले, रीडिस्ट्रिब्यूट काढलं. आणि समोरच्या टनेल टोकासाठी वॅन गेटवेमार्गे /३२ स्टॅटिक रूट दिला, म्हणजे कुणी पुढे रीडिस्ट्रिब्यूट परत लावलं तरी टनेल स्वतःला गिळणार नाही.

दुसऱ्या एका जोडीचा शेजारी एक्सस्टार्ट या मधल्या टप्प्यावर अडकला. एका टोकाला टनेलचा एमटीयू १४७६, दुसऱ्याला हाताने १४०० केलेला. हॅलो छोटे असतात म्हणून शेजारी दिसतो, पण डेटाबेसची देवाणघेवाण एमटीयू जुळल्याशिवाय पुढे सरकत नाही. ‘एमटीयू-इग्नोर’ लावायचा मोह होतो. लावू दिला नाही, कारण मग तोच दोष उद्या फाइल कॉपी करताना बाहेर येतो.

शुक्रवार, दिवस ५: पिंग जातो, पान उघडत नाही

हा दिवस पूर्णच्या पूर्ण एमटीयूला दिला आणि तो कमीच पडला.

सकाळी सगळे यायच्या आधी कॅरिअरमध्ये दोन बदल केले: मधल्या एका लिंकचा एमटीयू १४९२, जसा ब्रॉडबँडच्या पीपीपीओईवर असतो, आणि ‘पॅकेट मोठं आहे, तुकडे करावे लागतील’ हा आयसीएमपी (जाळ्यातल्या अडचणी कळवणारा) संदेश बंद. कुणाला सांगितलं नाही.

तक्रारी अगदी ठरल्यासारख्या आल्या. पिंग जातो. एसएसएच जोडायला जातो आणि की अदलाबदलीच्या टप्प्यावर गप्प बसतो. ज्याचं त्याआधीपासून जोडलेलं होतं त्याचं छोट्या कमांडला उत्तर येतं, मोठ्या फोल्डरची यादी मागितली की स्क्रीन थिजते. वेब पानाचं शीर्षक येतं, बाकी पान नाही. चारपैकी तीन जोड्यांनी आधी फायरवॉल उलटंपालटं केलं.

शोधायची रीत: तुकडे न करण्याची खूण, म्हणजे डीएफ, लावून पिंगचा आकार वाढवत जायचं. लिनक्सवर आकडा फक्त आतल्या डेटाचा असतो, त्यावर २० आयपीचे आणि ८ आयसीएमपीचे असे २८ चढतात. १४६४ गेला, १४६५ नाही: १४६४ + २८ = १४९२. जुन्या राउटरवरून तोच प्रयोग केला तर १४९२ गेला आणि १४९३ अडला, कारण तिथे दिलेला आकडा आयपी हेडर धरून पूर्ण पॅकेटचा असतो. दोन टोकांवरच्या माणसांनी फोनवर हे आकडे एकमेकांना सांगितले की भांडण ठरलेलं. नोंदवताना शेजारी ‘हेडरसह’ किंवा ‘हेडरविना’ लिहायचं.

टनेलच्या आत हिशोब आणखी खाली येतो. जीआरई २४ बाइट खातो, म्हणजे १४९२मधून १४६८ उरतात. आपल्या टनेलवर मात्र १४७६ लिहिलेलं, कारण त्याला जवळची लिंक १५००ची दिसते. मधले आठ बाइट कुणाच्याच हिशोबात नाहीत, आणि जी पॅकेटं या आठ बाइटांच्या फटीत पडतात ती गायब होतात.

दुरुस्ती: टनेलचा एमटीयू १४००, टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटातला जास्तीत जास्त डेटा) १३६०. आकडे मुद्दाम सैल ठेवले, कारण पुढच्या आठवड्यात त्यावर आयपीसेक चढणार आहे. एका जोडीने एमएसएसचा नियम एकाच राउटरवर, तोही टनेलकडे जाणाऱ्या पॅकेटांपुरता लावला. परिणाम: डाउनलोड ठीक, अपलोड अडकतो. आपल्या बाजूने गेलेलं सिन (जोडणी सुरू करणारं) पॅकेट समोरच्याला छोटे तुकडे पाठवायला सांगतं; समोरून येणाऱ्या सिन-अ‍ॅकमध्येही तो आकडा कमी व्हायला हवा, नाहीतर आपण मोठीच पाठवत राहतो. दोन्ही राउटरवर लावल्यावर सुटलं.

एमएसएस टीसीपीलाच लागतो, यूडीपीला त्याचा काही उपयोग नाही. संध्याकाळी कॅरिअरवरचा आयसीएमपी पुन्हा चालू करून दाखवला: एमएसएसचा नियम काढूनही सगळं चाललं. ‘सुरक्षेसाठी’ सरसकट आयसीएमपी बंद करणाऱ्यांना हा प्रयोग दाखवावा.

शनिवार, दिवस ६: आयपीसेक, पहिला दिवस

जीआरईवर नाही, सरळ साइट ते साइट, आयकेई (की ठरवणारा प्रोटोकॉल) आवृत्ती २, आधी ठरलेल्या गुप्त शब्दावर. बहुतेकांचा टनेल तासाभरात उभा राहिला. अडलेल्यांचा लॉग वाचून घेतला: ‘नो प्रपोझल चोझन’ म्हणजे अल्गोरिदम जुळले नाहीत, ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणजे गुप्त शब्द किंवा ओळख चुकली, ‘टीएस अनअ‍ॅक्सेप्टेबल’ म्हणजे दोन्ही टोकांनी लिहिलेले सबनेट जुळत नाहीत. 

टनेल उभा, पण बाइटांचा आकडा शून्य, अशी दोन जोड्यांची गत. कॅरिअरवर टीसीपीडंप लावला तर पिंग तिथे उघडाच दिसला, शाखेच्या वॅन पत्त्यावरून १०.२०.०.० मधल्या खासगी पत्त्याकडे निघालेला. राउटर इंटरनेटसाठी नॅटही करत होता. पॅकेटाचा मूळ पत्ता आधी बदलला, मग ते आयपीसेकच्या धोरणात बसेना, आणि सांकेतिक न होताच बाहेर पडलं. तयारीच्या दिवशी कॅरिअरवर टाकलेल्या नियमामुळे ते कॅरिअरवर मेलं, म्हणून दिसलं तरी. नॅटच्या यादीत सगळ्यात वर ‘आयपीसेकने जाणारं सोडून द्या’ हा नियम टाकला.

फायरवॉलमध्ये यूडीपी ५००, यूडीपी ४५०० आणि ईएसपी (सांकेतिक पॅकेटं), म्हणजे प्रोटोकॉल क्रमांक ५०. ‘पोर्ट ५० उघडलं’ असं दोघांनी केलं. प्रोटोकॉल आणि पोर्ट यांतला हा गोंधळ दर खेपेला होतो.

सोमवार, दिवस ७: तासाभराने पडणारा टनेल

सर्वांत उपयोगी दिवस. एका जोडीच्या कॉन्फिगमध्ये एक दोष मुद्दाम पेरला: आतल्या, म्हणजे ईएसपीच्या, प्रस्तावात एका टोकाला डिफी-हेलमन (गुप्त की ठरवण्याची पद्धत) गट १४ आणि दुसऱ्या टोकाला गटच नाही. टनेल निमूट उभा राहिला. पिंग गेला, फाइल गेली, सगळं हिरवं.

कारण असं की आयकेई आवृत्ती २मध्ये पहिलं चाइल्ड एसए (डेटा नेणारा आतला करार) ओळख पटवण्याच्या देवाणघेवाणीतच बनतं आणि त्यात वेगळी डिफी-हेलमन होत नाही. गट जुळत नाही हे पहिल्यांदा कळतं ते की बदलायची वेळ येते तेव्हा. स्ट्राँगस्वानमध्ये ती मुळात एका तासाची असते. त्यामुळे काम करणारा माणूस टनेल उभा करून, तपासून, सही घेऊन घरी जातो आणि नंतर लाइन पडते. टनेल हाताने बंद-चालू केला की पुन्हा तासभर चालतो, म्हणून सगळे ‘लाइन खराब आहे’ म्हणतात.

वर्गात तासभर थांबणं शक्य नाही. की बदलण्याची मुदत ५ मिनिटं केली. चहा होईपर्यंत टनेल पडला आणि लॉगमध्ये ‘नो प्रपोझल चोझन’ दिसलं, अगदी शनिवारचाच संदेश, पण या वेळी उभ्या टनेलवर. गट १४ दोन्हीकडे लिहिल्यावर २० मिनिटं, म्हणजे चार वेळा की बदलेपर्यंत, न पडता चालला.

यावरून सगळ्या लॅबला नियम लावला: प्रत्यक्ष वापरात जी मुदत तासांची आहे ती इथे मिनिटांची. आणि खऱ्या साइटवर टनेल सोपवताना पहिली की बदलून झाल्याचा लॉग पाहिल्याशिवाय काम संपलं असं म्हणायचं नाही.

मंगळवार, दिवस ८: वायरगार्ड

वायरगार्ड हा दुसऱ्या पद्धतीचा सांकेतिक टनेल: उभं करायला सोपं आणि चुकलं तर गप्प. लॉगमध्ये फारसं काही येत नाही, त्यामुळे चुकांची ओळख लक्षणांवरूनच करावी लागते.

सर्व्हरवर दोन पीअरना (जोडणाऱ्या यंत्रांना) एकच पत्ता ‘अलाउड आयपीज’मध्ये दिला गेला. तक्रार आली ती पहिल्याची: काल चालत होतं, आज दुसऱ्याचं जोडल्यापासून नाही. एक पत्ता एकाच पीअरकडे राहतो. नंतर लिहिलेल्याकडे तो सरकतो, कसलीही सूचना न देता.

दोघांनी एकच कॉन्फिग फाइल कॉपी करून वापरली, म्हणजे गुप्त कीसुद्धा एकच. दोघांचंही आळीपाळीने चाले, कारण शेवटचं पॅकेट जिकडून आलं तिकडे सर्व्हर उत्तर पाठवतो. प्रत्येक यंत्राला स्वतःची की, हे सांगून पटत नव्हतं, यानंतर पटलं.

घरून जोडणाऱ्याचं उदाहरण म्हणून क्लायंटच्या घरचं जाळं आणि ऑफिसचं लॅन दोन्ही १९२.१६८.१.०/२४ ठेवले. टनेल जुळला, ऑफिसचा सर्व्हर मात्र दिसेना. पॅकेट घरातच शोधाशोध करत होतं. यावर क्लायंटच्या बाजूने टिकाऊ उपाय नाही. ऑफिसचे पत्ते पहिल्यापासून १०.०.०.०/८मधून, कमी वापरातले घ्यावेत. आधीच घेतलेले असतील तर बदलण्याचा खर्च सोसावा. नॅटवर नॅट चढवून तो फक्त पुढे ढकलला जातो.

नॅटमागचा क्लायंट थोडा वेळ शांत बसला की ऑफिसकडून त्याच्यापर्यंत काही पोचेना. क्लायंटवर कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारं पॅकेट) २५ सेकंद लावला.

बुधवार, दिवस ९: घड्याळ, रेडियस आणि सहा आकडे

सकाळी एका जोडीचं कालपर्यंत चालणारं वायरगार्ड बंद. पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचतं, उत्तर नाही. त्यांनी क्लायंटचं मशीन जुन्या स्नॅपशॉटवर नेलं होतं आणि त्यासोबत घड्याळही दोन दिवस मागे गेलं होतं. हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो. आधी पाहिलेल्या शिक्क्याहून जुना आला तर सर्व्हर त्याला उत्तरच देत नाही. घड्याळ आपोआप सुधारलं असतं, पण वेळेचा सर्व्हर टनेलपलीकडे होता. टनेलला वेळ हवी, वेळेला टनेल. वेळेचा एक स्रोत टनेलबाहेर ठेवला. घड्याळाची बॅटरी नसलेली छोटी यंत्रं साइटवर ठेवणाऱ्यांनी हे आधीच करून ठेवावं.

दुपारी पासवर्डसोबत ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड. आधी आयकेई आवृत्ती २वर एमएस-चॅप आवृत्ती २ने लावायचा प्रयत्न केला आणि अडीच तास घालवले. ते जमणारच नव्हतं: त्या पद्धतीत सर्व्हरला पासवर्ड दिसतच नाही, त्यावरून काढलेलं उत्तर दिसतं, त्यातून शेवटचे सहा आकडे वेगळे काढता येत नाहीत. ओपनव्हीपीएन या दुसऱ्या टनेलवर गेलो, जिथे नाव आणि पासवर्ड टीएलएसच्या आत सर्व्हरपर्यंत येतात आणि तिथून पॅपने (सर्व्हरला पासवर्ड दिसतो त्या पद्धतीने) रेडियसकडे जातात. मग चाललं.

रेडियसच्या दोन नेहमीच्या चुका. सर्व्हर १८१२वर ऐकतो आणि जुनं उपकरण १६४५वर विचारतं. आणि गुप्त शब्द जुळला नाही तर ‘चुकीचा पासवर्ड’ असं उपकरणावर दिसत नाही. सर्व्हरने नकार पाठवला तरी त्याची सही जुळत नाही म्हणून उपकरण ते उत्तर फेकतं आणि ‘टाइमआउट’ दाखवतं. टाइमआउट दिसला म्हणून राउटिंग तपासत बसू नये, आधी रेडियस सर्व्हरचा लॉग उघडावा.

आणि पुन्हा तोच तास. ओपनव्हीपीएन दर ३६०० सेकंदांनी की नव्याने ठरवतो आणि त्या वेळी पासवर्ड पुन्हा तपासतो. जुना सहा आकडी कोड तोवर शिळा झालेला असतो, माणूस बाहेर. मुदत ३०० सेकंद करून हे दाखवलं, मग सर्व्हरने पहिल्या लॉगिननंतर टोकन द्यावं हे सेटिंग लावलं.

गुरुवार, दिवस १०: दोन कॅरिअर, बीजीपी

बीजीपी म्हणजे वेगवेगळ्या संस्थांच्या जाळ्यांनी एकमेकांना रूट सांगण्याचा प्रोटोकॉल; प्रत्येक जाळ्याची ओळख म्हणजे एएस क्रमांक. खासगी एएस क्रमांक ६४५१२पासून पुढे वाटले. शेजारी ‘एस्टॅब्लिश्ड’, पण एकही रूट नाही. यादीत आकड्याच्या जागी ‘पॉलिसी’ असा शब्द. एफआरआर बाहेरच्या शेजाऱ्याशी धोरण लिहिल्याशिवाय रूट देत-घेत नाही. तीन जोड्यांनी सगळं मान्य करणारा रूट-मॅप लावून तो शब्द घालवला. मग पहिल्या कॅरिअरचे रूट त्यांच्या छोट्या ऑफिसातून दुसऱ्या कॅरिअरला जाहीर झाले आणि दोन कॅरिअरमधली रहदारी १० एमबीपीएसच्या लिंकवर आली. हे घडू दिलं, थांबवलं नाही. नंतर बाहेर जाणाऱ्या यादीत फक्त स्वतःचा सबनेट ठेवला.

पर्यायी लाइन किती वेळात लागते ते मोजलं. इंटरफेस बंद केला तर लगेच. पण मध्येच कुठेतरी पॅकेटं गिळली गेली, म्हणजे नेटेमचा लॉस १०० टक्के केला, तर तीन मिनिटांपर्यंत काळोख, कारण होल्ड टाइम (गप्प शेजाऱ्याची वाट पाहायची मुदत) १८० सेकंद. बीएफडी (लिंक जिवंत आहे का ते सतत तपासणारा प्रोटोकॉल) ३०० मिलिसेकंद, तीन चुकले की लाइन पडली असं धरायचं, हे लावल्यावर सेकंदाच्या आसपास आलं. मात्र कॅरिअरही ते बोलायला तयार असावा लागतो, करार करतानाच विचारावं.

जाण्याची लाइन एक, येण्याची दुसरी असं झालं की लिनक्सचा कडक उलट-मार्ग तपास पॅकेटं टाकतो. तो सैल, म्हणजे २, केला.

शुक्रवार, दिवस ११: दूरच्या राउटरवरून स्वतःलाच बाहेर काढणे

प्रत्येकाने शाखेच्या राउटरवर वॅनमधूनच फायरवॉल बदलायचं. आठपैकी तिघे बाहेर अडकले. म्हणून बदलाआधी परतीची सोय: जुन्या राउटरवर ‘रीलोड इन १०’, लिनक्सवर दहा मिनिटांनी जुने नियम परत लावणारा टायमर.

एकाने रीलोड लावला, बदल केला, सवयीने लगेच कॉन्फिग सेव्ह केलं आणि मग अडकला. दहा मिनिटांनी राउटर रीस्टार्ट झाला तो तेच बिघडलेलं कॉन्फिग घेऊन. क्रम असा: टायमर, बदल, नव्या सेशनने लॉगिन करून खात्री, टायमर रद्द, आणि सगळ्यात शेवटी सेव्ह. दुसरा एक जण टायमर रद्द करायला विसरला; सगळं नीट चालू असताना राउटर पडला.

आधीपासून उघडं असलेलं सेशन चालू राहतं म्हणून खात्री झाली असं मानू नये. फायरवॉल जुन्या जोडण्या बऱ्याचदा सोडून देतो; नवीन जोडणीच खरं सांगते.

शनिवार, दिवस १२: परीक्षा

प्रत्येक जोडीच्या जाळ्यात पाच दोष, वेळ तीन तास. टनेल स्वतःला गिळणारा रूट, एमएसएस एकाच बाजूला, गट न जुळणं, मागे गेलेलं घड्याळ: हे सगळ्यांनी शोधले. पाचवा दोष दोनच जोड्यांना सापडला: शाखेच्या राउटरवर लॅनचा मास्क /२४ऐवजी /२५. शाखेतल्या ज्यांचा शेवटचा आकडा १२६पर्यंत ते चालतात, त्यापुढचे नाहीत. त्यासाठी शाखेत आदल्या दिवशी दुसरा क्लायंट, .२००वर, जोडून ठेवला होता. ज्यांना दोष सापडला नाही त्यांनी टनेल तीनदा नव्याने बांधला. ज्यांना सापडला त्यांनी आधी विचारलं, ‘शाखेतल्या कुठल्या मशिनाचं चालत नाही, त्याचा पत्ता सांगा.’

लॅब आवरताना सगळ्या गुप्त की आणि प्रमाणपत्रं पुसली. कॅरिअरची तीन मशिनं, नेटेमची स्क्रिप्ट आणि दोषांचे २० स्नॅपशॉट तसेच ठेवले आहेत. स्नॅपशॉट आता मेमरीशिवाय घेतो, म्हणजे मशीन प्रत्येक वेळी नव्याने सुरू होतं आणि घड्याळ चालू वेळेवर येतं.